रीडेव्हलपमेंट आणि वीजबिल: सक्ती कुठे हवी, सवलत कुठे?

दादरच्या एका सोसायटीच्या कमिटी सदस्यांचा प्रश्न आहे. इमारत जुनी, रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू. ते विचारतात: "सरकार इमारतींच्या वीजबचतीसाठी कोड काढतं, स्टार देतं, योजना जाहीर करतं. यानं खरंच वीज वाचते का? महापालिकेनं सक्ती करावी की प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट द्यावी? आणि आमच्यासारख्यांनी यातून नेमकं काय मागून घ्यावं?"

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं काम इमारतींच्या एनर्जी ऑडिटचं आणि नव्या इमारतींत एसी, पंप, लाइटिंग यांवर सल्ला देण्याचं. त्यामुळे धोरण मला मीटर रूममधूनच दिसतं. मंत्रालयातून ते वेगळं दिसत असणार.

सक्ती की सवलत हा वाद मला दुय्यम वाटतो. मुंबईत खरी अडचण अशी की वीज किती जाणार हे ठरवणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. भिंत कसली, काच कुठली, खिडकीवर छज्जा आहे की नाही, हे बिल्डर ठरवतो आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली की तो मोकळा होतो. पुढची पन्नास वर्षं बिल तुम्ही भरता. फ्लॅट अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दिला तर मालक सर्वात स्वस्त एसी लावतो, कारण बिल भाडेकरूचं. ऑफिसांमध्ये सेंट्रल एसीचा खर्च बहुतेक ठिकाणी चौरस फुटांवर वाटला जातो, त्यामुळे एखाद्या भाडेकरूनं काटकसर केली तरी त्याचा फायदा अख्ख्या इमारतीत विरून जातो. यातलं कोणीही बेफिकीर नाही. प्रत्येकाचा हिशोब आपापल्या जागी बरोबर आहे. म्हणून "वीज वाचवा" अशी जाहिरात या माणसांपर्यंत पोचते, पण त्यांच्या निर्णयापर्यंत पोचत नाही.

धोरण चालेल का हे बघताना मी एवढंच विचारतो: निर्णय ज्या क्षणी होतो, त्या क्षणी ते हजर असतं का?

जी धोरणं चाललेली मी पाहिली, ती या कसोटीला उतरतात. एसीवरचं स्टार लेबल 2010 पासून सक्तीचं झालं आणि दुकानात उभा असलेला माणूस किमतीशेजारी वर्षाचे युनिट वाचू लागला. (ते युनिट वर्षाला 1600 तास एसी चालेल असं धरून काढलेले असतात. तुमच्याकडे रोज रात्री आठ तास, आठ महिने चालत असेल तर आकडा बराच वाढेल.) 2020 च्या जानेवारीपासून नव्या रूम एसीचं तापमान कारखान्यातूनच 24 अंशांवर लावून येतं. हवं तर तुम्ही 18 करू शकता, कोणी अडवत नाही. पण आयता लावून आलेला आकडा बरेच लोक तसाच ठेवतात. ना इन्स्पेक्टर लागला, ना अनुदान. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतला हा सर्वात कमी खर्चाचा सरकारी निर्णय.

एलईडी बल्बचंही तसंच. 2015 मध्ये 'उजाला' सुरू झाली तेव्हा अनेकांना ती अनुदानाची योजना वाटली. प्रत्यक्षात सरकारी कंपनीनं प्रचंड संख्येनं एकत्र खरेदी केली आणि 2014 मध्ये 310 रुपयांच्या घरात असलेला खरेदीभाव 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. त्यानंतर साधा बल्ब विकत घेण्याला काही अर्थच उरला नाही. पंख्यांच्या बाबतीत हे अजून पूर्ण झालेलं नाही. छताच्या पंख्यांना स्टार लेबल 2023 पासून सक्तीचं झालं. जुना पंखा 75 वॅटचा आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपासचा. दिवसाला बारा तास, वर्षातले तीनशे दिवस धरले तरी एका पंख्यामागे 160 युनिट वाचतात. मुंबईतल्या वीज कंपन्यांनी वीज नियामक आयोगाच्या मंजुरीनं जुने पंखे, फ्रिज, एसी बदलून देण्याच्या योजना वेळोवेळी राबवल्या आहेत. बिलासोबतचा कागद न वाचता फेकणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो, हे वेगळं सांगायला नको.

पण पंखा, बल्ब आणि एसी आठ-दहा वर्षांत बदलता येतात. भिंत आणि खिडकी बदलता येत नाही. म्हणून तुमच्यासारख्या रीडेव्हलपमेंटच्या इमारतींकडे माझं लक्ष जास्त जातं.

इथे केंद्राचा कायदा काय म्हणतो ते आधी बघू. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याखाली व्यापारी इमारतींसाठी 2007 मध्ये ईसीबीसी हा वीजबचतीचा कोड आला, 2017 मध्ये तो सुधारला. घरांसाठी 2018 मध्ये इको निवास संहिता आली. 2022 च्या दुरुस्तीनं निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या: जोडलेला भार (कनेक्टेड लोड) 100 किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर. साठ फ्लॅटची नवी इमारत, प्रत्येकी पाच किलोवॅट धरले तरी, ही मर्यादा सहज ओलांडते. मात्र बांधकाम परवानगी हा राज्याचा आणि महापालिकेचा विषय आहे. केंद्राचा कोड राज्यानं स्वतःच्या नियमांत आणल्यावर आणि महापालिकेनं तो परवानग्यांच्या साखळीत, म्हणजे आयओडी (प्राथमिक मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), ओसी यांपैकी कुठल्या तरी टप्प्याला बांधल्यावरच साइटवर जाणवतो. तोपर्यंत तो पीडीएफच राहतो.

इको निवास संहितेचा गाभा एका आकड्यात आहे, त्याला आरईटीव्ही म्हणतात. इमारतीच्या बाहेरच्या आवरणातून, म्हणजे भिंती-खिडक्यांतून, दर चौरस मीटरला सरासरी किती उष्णता आत शिरते त्याचं हे माप. संहितेची मर्यादा 15 वॅटची आहे. थंड प्रदेश सोडून सगळीकडे तीच. हा आकडा काढायला आर्किटेक्टला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल शीट पुरते. मला संहितेतली हीच गोष्ट आवडते. नकाशा मंजूर करणाऱ्या इंजिनियरला पाच मिनिटांत तपासता येईल असा नियमच महापालिकेत टिकतो.

आता मुंबईत हा आकडा कशानं बिघडतो? हल्ली उंच इमारती मायवान, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांच्या, शटरिंगनं होतात: भिंत, स्लॅब सगळं ओतीव काँक्रीटचं. काम झपाट्यानं होतं, गळती कमी, मजूर कमी. पण 160 मिलिमीटरची काँक्रीटची भिंत 200 मिलिमीटरच्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीपेक्षा चौपटीहून जास्त उष्णता आत सोडते. पश्चिमेच्या बेडरूममध्ये रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. तो उशिरा पाझरणारा ताप तुमचा एसी रात्रभर उपसत असतो. त्याहून मोठा घटक काच. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या साध्या, सावली नसलेल्या काचेतून चौरस मीटरला पाचशे वॅटपर्यंत उष्णता आत येते. अडीच चौरस मीटरची खिडकी असेल तर नुसती तिच्यापायी एक तृतीयांश टन एसी लागतो. वर दीड-दोन फुटांचा छज्जा आणि बाजूला उभी आडोशाची पट्टी दिली तर यातला बराच भाग बाहेरच अडतो. काचेला काळी फिल्म लावून तेवढं साधत नाही, घर मात्र अंधारं होतं आणि दिवसा दिवे लागतात.

तिसरी गोष्ट कुठल्याच चर्चेत येत नाही, पण मी ऑडिटला गेलो की आधी तीच बघतो: एसीचे आउटडोअर युनिट कुठे बसवलेत. दर्शनी बाजू स्वच्छ दिसावी म्हणून ती तीन-चार फुटांच्या डक्टमध्ये एकावर एक लावलेली असतात. खालच्या मजल्याची गरम हवा वर जाते, वरचं युनिट तीच हवा ओढतं. एसीची चाचणी बाहेर 35 अंश धरून होते. डक्टच्या वरच्या टोकाला दुपारी याहून कितीतरी जास्त तापमान असतं. बाहेरच्या प्रत्येक अंशामागे साधारण दोन-तीन टक्के वीज जास्त जाते. म्हणजे पंचवीसाव्या मजल्यावरच्या माणसानं पाच स्टारचे पैसे मोजले, पण त्याला बिल तीन स्टारचंच येतं. हा बिघाड नियमाच्या दोन ओळींनी टळतो: डक्टची किमान रुंदी किती आणि तो बाहेरच्या बाजूनं किती उघडा असावा.

थोडक्यात, दिल्लीसाठी लिहिलेलं धोरण जसंच्या तसं इथे लावून चालत नाही. तिथली कोरडी उष्णता जाड भिंत आणि इन्सुलेशननं अडते. इथे दमटपणा आहे. हवेतलं पाणी काढण्यातच एसीची बरीच शक्ती जाते आणि त्यावर भिंतीचा उपाय नाही. मुंबईसाठी माझा क्रम असा असेल: आधी सावली, मग आरपार वारा, मग वरच्या मजल्याची गच्ची, मग यंत्रं. भिंतीचं इन्सुलेशन त्यानंतर.

आता सक्ती की सवलत याकडे येतो. मुंबईत सर्वात प्रभावी ऊर्जा धोरण कुठल्याही ऊर्जा खात्याकडे नाही, ते एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याच्या, नियमांत आहे. 2012 मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत बदल झाला. त्याआधी बाल्कनी, फ्लॉवरबेड, डेक अशा गोष्टी एफएसआयबाहेर होत्या आणि त्यांचा गैरवापर बेसुमार चालला होता. बाल्कनी म्हणून मंजूर, ताब्यात मिळते हॉलचा भाग म्हणून. ते थांबवायला या जागा एफएसआयमध्ये मोजायला सुरुवात झाली आणि बदल्यात निवासी इमारतींना 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय मिळाला. हेतू चुकीचा नव्हता. परिणाम असा झाला की मोजली जाणारी प्रत्येक चौरस फूट जागा खोलीत घालणं फायद्याचं ठरलं. जुन्या दादर-माटुंग्याच्या इमारतींना बाल्कनीची सावली होती, गिरगावच्या चाळींना गॅलरी होती; नव्या टॉवरला सपाट काच आली. वीजबचतीचं नाव न घेता एका नियमानं शहराचा एसीचा भार वाढवला. तेव्हा उलटंही करता येईल. पश्चिम आणि दक्षिण बाजूला, बंद करता येणार नाही अशा रचनेची, ठरावीक खोलीची सावलीची जागा मोजणीतून वगळली तर बिल्डर ती आनंदानं देईल. सरकारला एक रुपया खर्च नाही. गैरवापराची भीती खरी आहे, म्हणूनच "बंद करता येणार नाही" हे शब्द महत्त्वाचे: जाळीची भिंत, उभ्या पट्ट्या, खोलीच्या फरशीपेक्षा खाली असलेला स्लॅब, असं काही.

मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राला लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत ग्रीन रेटिंग (पर्यावरणस्नेही इमारतीचं प्रमाणपत्र) मिळवणाऱ्या इमारतींना रेटिंगच्या दर्जानुसार 3, 5 किंवा 7 टक्के जादा एफएसआय आहे. कल्पना ठीक आहे, पण माझा आक्षेप एक. बक्षीस कागदावरच्या डिझाइनला मिळतं, चालू इमारतीच्या बिलाला नाही. मुंबईत पर्जन्यजल संधारण कधीच सक्तीचं झालंय. ओसीपुरतं बांधून नंतर कोरडे पडलेले खड्डे आणि गच्चीवर गंजून बंद पडलेले सोलर वॉटर हीटर मी इतके पाहिलेत की कुठल्याही "ओसीच्या आधी दाखवा" नियमावर माझा अर्धाच विश्वास उरलाय. बिल्डरच्या अनामत रकमेतला काही भाग ओसीनंतर एका वर्षाची बिलं बघून मगच सोडावा, असं मी सुचवेन.

प्रॉपर्टी टॅक्सची सूट मला कमकुवत वाटते, आणि याचं कारण अगदी स्थानिक आहे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. ज्यांना कर नाही त्यांना सूट कशात देणार? मोठ्या फ्लॅटवाल्याला मिळणारी सूट त्याच्या एसीच्या बिलापुढे किरकोळ असते. ऑफिस आणि मॉलसाठी मात्र हा कर मोठा आहे. तिथे ती चालू शकते, पण भिंतीवर टांगलेल्या रेटिंगच्या प्रमाणपत्रावर नाही, मोजलेल्या वापरावर द्यावी.

आणि मोजण्याचं काम मुंबईत इतर शहरांपेक्षा सोपं आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज पुरवणारी बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम. कोणत्या इमारतीत किती युनिट जातात हे बेस्टला ठाऊक, किती चौरस मीटर आहेत हे कर विभागाला ठाऊक. एकाला दुसऱ्यानं भागलं की दर चौरस मीटर वार्षिक वापर मिळतो. न्यूयॉर्कनं हेच केलं: 2009 मध्ये मोठ्या इमारतींना वापर जाहीर करायला लावला, 2020 पासून प्रवेशद्वारावर ए, बी, सी अशी श्रेणी लावायला लावली, आणि उत्सर्जनाच्या मर्यादा 2019 मध्ये कायदा करून 2024 पासून लागू केल्या. म्हणजे आधी दहा वर्षं आकडे, मग दंड. तिथल्या को-ऑप इमारतींनी तरीही आरडाओरडा केलाच, कारण जुन्या इमारतीचा खर्च सभासदांच्याच खिशातून जातो. आपल्या सोसायट्या वेगळं करणार नाहीत. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यानं मार्च 2022 मध्ये 2050 पर्यंत नेट झिरोचं लक्ष्य ठेवलंय आणि ऊर्जा व इमारती हे त्यातलं एक प्रमुख क्षेत्र आहे. त्याची सुरुवात मोठ्या ऑफिस इमारती आणि महापालिकेच्या स्वतःच्या वास्तूंपासून व्हावी. स्वतःच्या रुग्णालयाचा आणि वॉर्ड ऑफिसचा आकडा दारावर लावल्याशिवाय दुसऱ्याला सांगायचा अधिकार येत नाही.

घर घेणाऱ्यासाठी याचाच छोटा अवतार महारेरात (राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणात) बसतो. 2023 च्या ऑगस्टपासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या पानावर आरईटीव्हीचा आकडा टाकायला लावला की ब्रोकरला त्याचा अर्थ सांगावा लागेल.

जुन्या इमारतींबद्दल मी आशावादी नाही. रीडेव्हलपमेंट पाच वर्षांवर आली असं वाटत असताना (आणि मुंबईत ते पंधरा वर्षं वाटत राहतं) कोणती सोसायटी गच्चीवर खर्च करेल? बिनव्याजी कर्ज दिलं तरी सर्वसाधारण सभेत ठराव अडतो. ब्रिटननं घरांच्या अशा सुधारणांसाठी 2013 मध्ये ग्रीन डील नावाची कर्ज योजना आणली, हप्ता वीजबिलातून. व्याज जड, कागदपत्रं किचकट, 2015 मध्ये निधी बंद झाला. जुन्या इमारतींत मी फक्त कॉमन मीटरला (पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे) हात घालतो. पाण्याचा पंप बघा: शंभर फ्लॅटच्या सोसायटीत रोज साठ हजार लिटर पाणी पन्नास मीटर चढवायला शास्त्रानुसार आठ-सव्वाआठ युनिट पुरतात. झिजलेला, चुकीच्या आकाराचा पंप त्यासाठी बावीस-तेवीस खातो. पंप जळाल्यावर तोच रिवाइंड करून आणायची सवय सोडली तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट धोरणवाल्यांनी विसरू नये. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेच्या कित्येक इमारती इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा आणि पंखा चालू लागतो. तिथे युनिट कमी करा म्हणणं क्रूर आहे. त्या घरांना उजेड आणि वारा हवा, आणि तो दोन इमारतींमधल्या अंतरातून येतो. त्या अंतरात दिलेली प्रत्येक सवलत रहिवासी पुढे वीजबिलात फेडतो.

तर तुमच्या सोसायटीनं काय मागावं. सध्या सभांमध्ये चर्चा असते कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) आणि भाड्याची. सहकार कायद्याच्या कलम 79(अ) च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) नेमला जाईल, तेव्हाच त्याच्या कामात आरईटीव्हीची शीट घाला आणि टेंडरमध्ये 15 ची मर्यादा अट म्हणून टाका. राज्याचा नियम काहीही असो, करारात मागायला तुम्हाला कोणी अडवत नाही. मायवान असेल तर निदान पश्चिमेच्या, भार न पेलणाऱ्या भिंती ब्लॉकच्या मागा. पश्चिम आणि दक्षिणेच्या खिडक्यांना छज्जा. आउटडोअर युनिटची जागा नकाशात दाखवलेली आणि उघडी. पंप आणि लिफ्टचा मेक नुसता लिहू नका, कार्यक्षमता लिहा. गच्चीचा हक्क सोसायटीकडे ठेवा, कारण पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराच्या सोलरला किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात; उंच इमारतीची गच्ची लहान असते, सगळ्यांचं बिल त्यातून भागणार नाही, पण कॉमन मीटरला हातभार लागतो.

यासाठी बिल्डर कार्पेट एरियात थोडी घासाघीस करेल. किती द्यायची हे तुमच्या सभासदांवर आहे: निवृत्त लोक जास्त असतील आणि दिवसभर घरी असतील तर पश्चिमेच्या सावलीची किंमत त्यांना लगेच कळते, फ्लॅट भाड्यानं देणारे जास्त असतील तर ठराव पास करणं अवघड जाईल. डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी हे सगळं अनेक्शरमध्ये गेलं पाहिजे, नंतर "प्लॅन रिवाइज झाला" एवढंच उत्तर मिळतं. पीएमसीचे प्राथमिक नकाशे आले की पश्चिमेच्या खिडक्यांची मापं, छज्जाची लांबी आणि काचेचा एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता काच आत सोडते तो आकडा) कळवा; तेवढ्यावर बेडरूमला एक टनाचा एसी पुरेल की दीड टनाचा लागेल, ते हिशोब करून सांगतो.